पाच घरांचं झबलं

जसूमावशी माणसं ओळखत नाही, कपडे ओळखते. तलासरीच्या बाजारात कुणी समोर येऊन "काय मावशी, बरी आहेस ना?" म्हणालं, तर ती त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. कॉलर बघते, बटणांची रांग बघते, खिशाची शिवण बघते आणि मग म्हणते, "जो, हा घोलवडच्या मास्तरांचा सदरा. तुझ्या अंगावर कसा?"

सदरा त्या माणसाने माझ्याकडून घेतलेला असतो. बायकोला मात्र नवा आणला म्हणून सांगितलेलं असतं. आणि बायको शेजारीच उभी असते.

मावशी वेवजीची. वेवजीहून दोन पावलं टाकली की गुजरात, त्यामुळे तिच्या मराठीत 'बघ'च्या जागी 'जो' येतो आणि 'मग'च्या जागी 'पछी'. आवाज असा, की बाजाराच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाचा सुकट विकणारा मान वर करतो. याचा त्रास सगळ्यात जास्त कुणाला, तर मला. कारण माझा धंदा वापरलेल्या कपड्यांचा.

हे मी लपवत नाही. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन मी सुरुवात केली. घोलवडच्या चिकूवाड्यांमधले बंगले, चिंचणीची घरं, डहाणूच्या चाळी. चार शर्ट आणि एक साडी दिली की एक पातेलं. शर्ट फाटका निघाला तर पातेलं लहान. मी कुणाला फसवलं नाही आणि कुणाला फसवू दिलं नाही. आज तलासरीला माझं पत्र्याचं का होईना दुकान आहे, बाजाराच्या दिवशी पाल लागतं, आणि डहाणूच्या कॉलेजातल्या मुली माझ्याकडे येऊन जुन्या जीन्स निवडतात, कारण आता तशीच फॅशन आहे म्हणे. कुणी मला हात दिला नाही. मी मागितलाही नाही. मागणं मला जमत नाही. मला घासाघीस जमते.

तर हा कोटाचा किस्सा ऐका, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

घोलवडच्या एका वाडीवाल्याकडून मला एक कोट मिळाला होता. मोतिया रंगाचा, आत रेशमी अस्तर. त्यासाठी मी झाकणासकट मोठा डबा दिला होता. उधव्याकडचा एक मुलगा लग्नासाठी आला, आई बरोबर. कोट त्याच्या अंगावर असा बसला, की शेजारच्या बांगडीवालीने हातातलं काम थांबवलं. भाव ठरला. आई कमरेची पिशवी सोडायला लागली. आणि जसूमावशी आली.

"जो, हा कोट," ती म्हणाली. "वाडीवाल्यांच्या धाकट्याचा. याची डावी बाही मीच आत घेतली होती. हाच घालून तो मांडवात बसला होता आणि पछी नवरी जेवणावळीच्या आधी मामाच्या गाडीत बसून निघून गेली."

त्या मुलाने कोट असा काढला, जणू आत मुंग्या होत्या. आईने पिशवीची गाठ पुन्हा बांधली. मी मावशीला त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे म्हणाली, "मी खोटं बोलले का?"

नव्हतीच बोलली. हीच तर चीड आहे. तो कोट अजून माझ्याकडे लटकतोय आणि दर लग्नसराईत मी तो झटकून पुढे टांगते.

तिला एवढं ठाऊक कसं, असं तुम्ही विचाराल. तिचा नवरा लग्नानंतर दोन पावसाळ्यांतच गेला, मूल झालं नाही. मग ती वाड्यांमध्ये चिकू भरायला जायची, दुपारी मालकिणींचे कपडे दुरुस्त करायची. या पट्ट्यातला निम्मा कपडा तिच्या सुईखालून गेलाय. तिला टाका दाखवा, ती घर सांगते.

मी तिला फसवायचा प्रयत्न करून बघितला. एकदा म्हटलं, "मावशी, हा मुंबईच्या प्रोफेसरचा शर्ट, तुला माहीत नसणार." तिने खिसा उलटा केला, नखाने शिवण खरवडली. "प्रोफेसर खिशात मासळीच्या जाळ्याचं शिसं ठेवतो का? हा चिंचणीच्या खलाशाचा." गिऱ्हाईक हसलं आणि दुसऱ्या पालावर गेलं.

तिच्या स्वतःच्या अंगावर काय असतं, ते ऐकण्यासारखं आहे. साडीवर कुठल्याशा वॉचमनचं खाकी जॅकेट. ब्लाऊजच्या दोन बाह्या दोन घरच्या. उन्हाळ्यात तर ती एका डॉक्टरीणबाईंचा पांढरा कोट घालून बाजारात यायची, सुती आहे, घाम टिपतो म्हणून. एक म्हातारा तिच्यापुढे उभा राहिला आणि त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. मावशीने नीट बघितली आणि म्हणाली, "तंबाखू सोड." म्हातारा पाया पडून गेला. त्याने तंबाखू खरंच सोडली, असंही नंतर कळलं.

एवढं सगळं असून मला फाल्गुनात तिच्या दारात जावं लागलं.

माझी मुलगी रेखा बाळंतपणाला माहेरी आली होती. हे तिचं दुसरं. पहिलं सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा तिने मुंबईच्या दुकानातून आणलेले कपडे कपाटात रचून ठेवले होते. ते कपडे मी नंतर गुपचूप दुसऱ्या तालुक्यात विकले. या खेपेला तिने एकच गोष्ट मागितली.

"आई, बाळाचं पहिलं झबलं जसूमावशीने शिवलेलंच हवं."

"बाजारात दहा जणी शिवतात."

"मला मावशीचं हवं. माझं पण तिनेच शिवलं होतं ना? मी जगले ना?"

यावर घासाघीस करता येत नाही.

आमच्याकडे पहिलं झबलं नव्या कापडाचं नसतं. पाच भरल्या घरांतून जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड आणायचं. पुढचे दोन पाट, पाठ आणि दोन बाह्या, असे पाच तुकडे पाच घरांचे. त्या घरांचं आयुष्य बाळाला लागतं, असं म्हणतात. आणि या झबल्यासाठी आसपासच्या पाड्यांतून, अगदी डहाणूहूनसुद्धा, बायका जसूमावशीच्या ओट्यावर येतात.

होळीच्या आधीचे दिवस होते. पळस पेटले होते, बाहेरगावी कामाला गेलेली माणसं होळीला परत येत होती. मावशीचा ओटा गोधड्यांनी भरला होता, कारण होळीच्या उन्हात गोधडी शिवली की वर्षभर ऊब धरते असं तिचं म्हणणं. चार बायका दोरा भरत होत्या. मी दुकानातल्या उत्तम, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या सुती कपड्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"यातलं हवं ते घे."

तिने हातसुद्धा लावला नाही. "कोणाचे?"

"चांगल्या घरांतले."

"कोणत्या?"

शेकडो कपडे माझ्या हातून जातात. कोणता कुठून आला, हे लक्षात ठेवलं तर धंदा कसा होणार?

"सुमन," ती म्हणाली, "तुझ्याकडे डोंगराएवढे कपडे, आणि एकाचंही घर तुला ठाऊक नाही. हे मी बाळाच्या अंगाला लावू? पाच घरी जा. मागून आण. विकत नाही, बदली नाही. मागून."

ओट्यावरच्या बायका हसल्या. त्यांतली एक म्हणाली, "सुमनताई मागणार? मग होळी आधी पाण्यात पेटेल."

मी गठ्ठा उचलला आणि घरी आले. ठरवलं, पाच म्हणजे पाच. आणून तिच्या तोंडावर टाकते.

पहिल्यांदा घोलवडला गेले. वाडीवाल्यांची थोरली सून, नातवंडांनी घर भरलेलं. तिने सासूची जुनी मऊ साडी काढून दिली. मी घेतली, वळले, आणि काय सांगू, हात आपोआप पिशवीत गेला. वर्षानुवर्षांची सवय. एक पातेलं काढून तिच्या हातात ठेवलं आणि बाहेर पडले. मला वाटलं, झालं काम.

मावशीने साडी उलगडली. दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली. मग माझ्याकडे बघितलं.

"याच्या बदली काय दिलंस?"

"काही नाही."

"सुमन."

"एक पातेलं. तेही बिनझाकणाचं."

"मग हे विकतचं झालं," म्हणाली आणि साडीची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

मी परत घोलवडला गेले. उन्हात, टमटममध्ये नऊ माणसं आणि कोंबड्यांची टोपली. सूनबाई दारात आली.

"ताई, पातेलं परत द्या," मी म्हटलं.

"अहो, त्यात दूध तापवलं."

"दूध दुसरीकडे ओता. पातेलं परत द्या, आणि साडी फुकट द्या."

"साडी तर तुमच्याकडेच आहे."

"ही घ्या. आता मला पुन्हा द्या."

तिने मला आत बसवलं, पाणी दिलं, पंखा लावला. तिला वाटलं मला ऊन लागलं. शेवटी सगळं सांगावं लागलं. सांगताना, मुलीचं पहिलं मूल गेलं, हेही तोंडातून निघालं. ते मी कुणाला सांगत नाही. सूनबाई उठली. आत गेली, पातेलं घासून आणलं आणि साडी माझ्या ओटीत घातली. मी हात जोडले. हात जोडून बाहेर पडायची मला सवय नव्हती. चप्पल घालायला विसरले आणि फाटकापासून परत आले.

दुसरं कापड चिंचणीच्या एका म्हातारीने दिलं, तिची चार मुलं बोटीवर. कापडाला मासळीचा वास होता, मावशी म्हणाली तोच राहू दे, ताकद असते. तिसरं एका पाड्यावरच्या कुटुंबाने दिलं, जिथे तीन भाऊ एका चुलीवर जेवतात. त्यांनी कापडाबरोबर मूठभर नागलीही दिली. मी सवयीने बदली काही देऊ नये म्हणून पिशवी घरीच ठेवून गेले होते. चौथं डहाणूच्या शाळेच्या बाईंनी दिलं.

पाचवं काही जमेना. पाचवा तुकडा पाठीचा. पाठीच्या बाबतीत मावशी फार कडक. एका घरचं आणलं, तर म्हणाली, भाऊभाऊ कोर्टात आहेत. दुसऱ्या घरचं आणलं, तर म्हणाली, "सासू देताना सुनेला बोलली ना? जो, घडी कशी आवळलीय." सासू खरंच बोलली होती. तिसरं, चौथं, तेही नाकारलं. होळी झाली. होळीच्या बाजाराचा माझा निम्मा दिवस एका घराच्या दारात गेला, वर्षातली सगळ्यात मोठी विक्री सोडून. रेखाचे पाय सुजले होते. ती बोलायची नाही, पण मी घरात शिरले की आधी माझ्या हाताकडे बघायची.

पाठीसाठी आणलेलं सातवं कापड मावशीने परत केलं, तेव्हा माझा तोल गेला.

"जन्मभर माझा धंदा बिघडवलास," मी ओरडले. "आता माझ्या नातवंडाच्या जिवावर उठलीस. एकही घर तुला पसंत नाही, तर तुझं दे. तुझंच दे कापड आणि संपव एकदाचं."

ओट्यावर त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं. मावशीने सुई गोधडीत टोचून ठेवली.

"माझं कोण घेतं," ती म्हणाली.

"मी मागतेय ना."

"माझं घर भरलेलं नाही. भरल्या घराचं लागतं."

"कोण म्हणतं असं?"

"मीच सांगते सगळ्यांना. आजवर सांगत आले. आता तुला वेगळं कसं सांगू?"

ती हे रडून म्हणाली असती तर मी उठून गेले असते. पण ती भाव सांगितल्यासारखं सांगत होती. आणि भाव कुणी सांगितला, की मला गप्प बसता येत नाही.

"तुझी चूल पेटते?" मी विचारलं.

"पेटते."

"कुणाशी भांडण? कोर्ट?"

"तुझ्याशीच."

"ते सोड. दारातून कुणाला उपाशी घालवलंस?"

"नाही."

"या ओट्यावर किती मुलांची झबली झाली?"

"कोण मोजतं."

"मग हे घर रिकामं कसं? सात घरांत तू खोट काढलीस. या घरात काढून दाखव."

तिने मान वळवून दारातून आत बघितलं. मग म्हणाली, "देऊ काय पण? माझं काय आहे?"

आणि तिने मला आत नेलं. दोरीवरचे कपडे एकेक करून दाखवले. ही पाटलीणबाईंची, ही मास्तरांच्या बहिणीची, हे दवाखान्यातल्या आयाने दिलं, ही चादर वाडीवाल्यांची. बोट फिरत गेलं आणि दोरी संपली. त्या घरात तिचं स्वतःचं, दुसऱ्या कुणाच्या अंगावरून न आलेलं, एक चिंधीसुद्धा नव्हती.

मग तिने पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, एक सुती साडी होती. निळी, पांढऱ्या बुट्ट्यांची. घडी मोडलेली नव्हती.

"ही माझी. चिकू भरायच्या पैशांतून घेतली. डहाणूहून."

"कधी नेसली नाहीस?"

"बारशाला घेतली होती. कुणी बोलावलं तर नेसायला."

मी साडीकडे बघत राहिले. रेखाचं झबलंही हिनेच शिवलं होतं. मी स्वतः येऊन घेऊन गेले होते, आणि बाराव्या दिवशी सगळा पाडा जेवायला होता. आम्हीही हिला बोलावलं नव्हतं. त्याला कारण नव्हतं. रीत होती.

"पण ही चालायची नाही," मावशी म्हणाली. "नवी आहे. खळ आहे. बाळाला टोचेल."

"मग?"

तिने साडी उलगडली, नाकाशी धरली, खांद्यावर टाकून बघितली. "किती दिवस आहेत रेखाला?"

"डॉक्टर दहा म्हणतात."

"मग जुनी करते."

दुसऱ्या दिवसापासून वेवजीच्या लोकांनी जसूमावशीला बारशाच्या साडीत विहिरीवर जाताना बघितलं. त्याच साडीत ती लाकडं आणायची, त्याच साडीत भाकरी भाजायची. दुपारी दगडावर आपटून धुवायची, कुंपणावर टाकायची, वाळली न वाळली की पुन्हा नेसायची, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा धुवायची. मी एक दिवसाआड जायचे. ती पदर माझ्या गालाला लावायची आणि माझं तोंड बघायची.

"अजून नाही," मी म्हणायचे.

"मला पण तेच वाटतं. आज नदीवर नेते."

सहाव्या दिवशी सकाळी रेखाला कळा सुरू झाल्या. आम्ही गाडी करून डहाणूला सरकारी दवाखान्यात गेलो. वेवजीच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. दुपारी मुलगी झाली. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. रेखाने तिला जवळ घेतलं आणि मला विचारलं, "आणलंस?"

मी दाराकडे बघत बसले.

चारच्या सुमाराला मावशी आली. निळी साडी नेसली होती, पण पदर खांद्यावरून जेमतेम पाठीपर्यंत पोचत होता. तिथे कात्रीची सरळ रेघ होती, अजून दुमडलेलीही नव्हती.

"पदरच सगळ्यात मऊ झाला होता," ती म्हणाली. "पाठीपुरता कापला. तोंड, हात, सगळं त्यालाच पुसत होते ना. तू घे, लावून बघ गालाला."

मी तिच्या हातातलं झबलं घेऊन गालाला लावलं. पहिल्यांदाच मला काही खोट काढता आली नाही.

रेखाने ते बाळाला स्वतः घातलं. तिने मला मदत करू दिली नाही. घालून झाल्यावर पाठीवरून हात फिरवला आणि मग डोळे मिटून पडून राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत मी तिला अशी पडलेली बघितली नव्हती.

थोड्या वेळाने नर्स आली. तिने बाळाला उचलून खांद्याशी धरलं. निळ्या पाठीवर पांढऱ्या बुट्ट्या. तिची नजर झबल्यावरून मावशीच्या साडीवर गेली.

"या आजी ना बाळाच्या?" तिने विचारलं. "जरा धरा, मला आईचं बीपी बघायचंय."

आजी मी. सकाळपासून हात धुऊन बसलेली मी. मावशीने माझ्याकडे बघितलं.

"हो, याच," मी म्हटलं.

मावशीने हात पुढे केले, मागे घेतले, साडीला पुसले, आणि पुन्हा पुढे केले. बाळ तिच्याकडे गेलं. ती कॉटच्या कडेला अशी बसली, की सगळा भार तिच्या टाचांवरच होता.

"मावशी," मी म्हटलं, "बाराव्या दिवशी बारसं आहे."

"बरं," ती म्हणाली. "काय शिवून आणू?"

"काही शिवायचं नाही. नुसती ये."

बाळाचा एक बंद सुटला होता, तो तिने एका हाताने पुन्हा बांधला. सैल, दोन बोटं आत जातील एवढा.